"घसा बसलाय" म्हणजे नेमकं काय झालंय? बदललेला आवाज डॉक्टरांना कसा सांगावा

जव्हार-मोखाड्याकडे दवाखान्यात रोज कुणी ना कुणी येऊन सांगतं, "डॉक्टर, घसा बसलाय." वाक्य एकच, पण त्यामागचे आजार अगदी वेगवेगळे असतात. एकाला कालपासून सर्दी असते. एकीचा आवाज दिवाळीपासून जाड झालेला असतो. एकाच्या आवाजाला मुळात काहीच झालेलं नसतं, गिळताना दुखतं म्हणून तो "घसा बसला" म्हणतो. आणि पावसाळ्यात एखादा असाही येतो, की ज्याला बोलता येईनासं झालंय, पण त्याच्या घशात काहीच बिघडलेलं नाही. रात्री झोपेत त्याला मण्यार चावलेली असते.

म्हणून हा लेख औषधांपेक्षा शब्दांविषयी जास्त आहे. आवाजाचा आजार रक्ताच्या तपासणीत सहसा सापडत नाही आणि साध्या एक्स-रेत दिसत नाही. बॅटरी लावून तोंडात पाहिलं तरी स्वरयंत्र दिसत नाही, कारण ते जिभेच्या मुळाच्या खाली असतं. त्यामुळे तुम्ही जे वर्णन करता तीच पहिली तपासणी असते. ते वर्णन जितकं नेमकं, तितकं तुम्हाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं, तज्ज्ञाकडे धाडायचं की लगेच १०८ ला फोन लावायचा, हे ठरवणं सोपं जातं.

घसा वेगळा, आवाज वेगळा

बोलताना आपण मानेच्या आतल्या सगळ्याच भागाला घसा म्हणतो. पण तिथे दोन वाटा आहेत. मागची वाट अन्ननलिकेकडे जाते, पुढची श्वासनलिकेकडे. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी स्वरयंत्र असतं. पुरुषांच्या मानेवर पुढे जो उंचवटा दिसतो, ज्याला कंठमणी म्हणतात, त्याच्या बरोबर मागे. आत दोन नाजूक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना जवळ येऊन थरथरतात. साधं बोलतानाही पुरुषांमध्ये त्या सेकंदाला १०० ते १३० वेळा थरथरतात, बायकांमध्ये २०० वेळांच्या आसपास, लहान मुलांमध्ये त्याहून जास्त. या पट्ट्यांना सूज आली, त्यांच्यावर गाठ आली, त्या सुकल्या किंवा एकमेकींना नीट टेकेनाशा झाल्या, की आवाज बदलतो.

आता शब्दांकडे या. घसा खवखवतो, घसा दुखतो, घशाला कोरड पडते, घशात टोचतं, ही गिळण्याच्या वाटेची लक्षणं. आवाज बसला, घोगरा झाला, चिरकला, निघेनासा झाला, ही स्वरतंतूंची. सर्दी-पडशात दोन्ही एकदम होतात, म्हणून आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. दवाखान्यात आल्यावर एवढं जरी वेगळं करून सांगितलंत, की "दुखत नाही, पण आवाज बदललाय" किंवा "आवाज ठीक आहे, पण गिळताना दुखतं", तरी अर्धं काम झालं.

यातला पहिला प्रकार लोक हलका समजतात. दुखत नाही ना, मग कशाला जायचं, असा हिशोब असतो. पण स्वरतंतूवरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. न दुखता बदललेला आणि बदललेलाच राहिलेला आवाज मला दुखणाऱ्या घशापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. हळदीचं दूध, आल्याचा रस, ज्येष्ठमध, चघळायच्या गोळ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, यांनी घशाला बरं वाटतं, जरूर करा. पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना लागत नाही. लागली तर जोराचा ठसका लागेल, ती वाट श्वासाची आहे. त्यामुळे "इतके दिवस काढा घेतोय तरी आवाज सुटत नाही" यात काढ्याचा दोष नाही. तो तिथे पोचतच नाही.

बसला, घोगरा, जाड, चिरका

आवाजासाठी आपल्याकडे पुष्कळ शब्द आहेत: खणखणीत, किनरा, भसाडा, घोगरा, चिरका, फाटका, कातर, कापरा, दबका, गेंगाणा. प्रत्येक भाषेने आपापल्या परीने हे केलंय. हाँगकाँगकडच्या कँटोनीज भाषेत बसलेल्या आवाजाला वाळूचा आवाज म्हणतात, आणि वयात येणाऱ्या मुलाच्या फाटक्या आवाजाला नर बदकाचा आवाज. जपानी डॉक्टरांनी तर आवाज कानाने ऐकून त्याला गुण द्यायची पद्धत बसवली. हिरानो यांच्या १९८१ च्या पुस्तकातून ती जगभर गेली. आवाज एकूण किती बिघडलाय, किती खरखरीत आहे, किती हवा निसटते, किती अशक्त आहे आणि किती ताण देऊन काढावा लागतो, एवढ्या पाच गोष्टी ऐकायच्या, बस. तुम्ही नेमका शब्द वापरता तेव्हा नकळत हेच करत असता.

"आवाज बसला" म्हणजे काल होता आणि आज निघतच नाही, किंवा निघतो तो नुसता फुसफुस. हे बहुतेक वेळा विषाणूच्या सर्दीने किंवा रात्रभर ओरडल्याने होतं. स्वरतंतू सुजून जड होतात. हे एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतं.

"घोगरा" किंवा "खरखरीत" म्हणजे आवाज निघतो, पण साफ नाही. स्वरतंतूच्या कडा खडबडीत झाल्या, की असं होतं. सर्दीत होतं, रोज घसा ताणणाऱ्या शिक्षकांच्या स्वरतंतूंवर दोन्हीकडे बारीक गाठी येतात तेव्हा होतं, आणि स्वरतंतूच्या कर्करोगातही हेच पहिलं लक्षण असतं. तिन्हींतला फरक कानाला ओळखता येत नाही. तो दिवस मोजून आणि दुर्बिणीने पाहूनच कळतो.

"जाड झाला" हा शब्द बायका जास्त वापरतात आणि तो फार उपयोगी आहे. फोनवर अनोळखी माणूस ताईंना "भाऊ, कोण बोलतंय?" म्हणायला लागला, तर ते डॉक्टरांना तसंच सांगा. थायरॉइड कमी पडतं तेव्हा आवाज जाड आणि संथ होतो. सोबत थकवा, थंडी सोसवत नाही, वजन वाढतं, पोट साफ होत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं आणि रोजच्या एका गोळीने सुधारतं. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्यांच्या स्वरतंतूंत पाण्यासारखी सूज साठूनही आवाज असाच जाड होतो.

"बोलताना हवा निघून जाते", "चार शब्दांत दम संपतो", "आवाज पोकळ वाटतो" हे वर्णन आलं की माझं लक्ष स्वरतंतूच्या नसेकडे जातं. दोनपैकी एक पट्टी हललीच नाही तर मधे फट राहते. अशा माणसाला पाणी पितानाही ठसका लागतो. डाव्या स्वरतंतूची नस गंमतशीर वाटेने जाते. ती मेंदूकडून आली तरी थेट गळ्यात थांबत नाही. आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि मग वर येते. म्हणून फुप्फुसातली गाठ, छातीतल्या वाढलेल्या ग्रंथी, एवढंच काय, सांधेतापानंतर खराब झालेल्या हृदयाच्या झडपेमुळे फुगलेला हृदयाचा कप्पासुद्धा आवाज घालवू शकतो. व्हिएन्नाच्या ऑर्टनर नावाच्या डॉक्टरांनी १८९७ मध्ये हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. तेव्हा आवाजासाठी आलेल्या माणसाला छातीचा एक्स-रे काढायला सांगितला तर "माझं दुखणं गळ्याचं आहे" म्हणून रागावू नका. थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर आवाज पोकळ झाला असेल, तर तेही आवर्जून सांगा.

"चिरकतो", "मधेच फाटतो" हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबाबत असेल तर त्याला कंठ फुटतोय, औषध लागत नाही. मोठ्या माणसाचा आवाज संध्याकाळपर्यंत चिरका होत असेल आणि सकाळी बरा असेल, तर तो थकलेला आवाज आहे. उलट सकाळी उठल्यावर घोगरा, सारखं खाकरावं लागतं आणि दुपारपर्यंत सुटतो, असं असेल तर पोटातलं आम्ल रात्री वर येतंय का, हे विचारावं लागतं. "कापरा" आणि "खोल गेलेला" आवाज वयाने होतो, पण हाताला कंप असेल, चालणं मंद झालं असेल, तर तेही सोबत सांगा.

"कंठ दाटून येतो", "घशात गोळा आल्यासारखं वाटतं" हे मात्र वेगळं आहे. त्यात आवाज बहुधा ठीक असतो आणि जेवणही जातं. त्याला खोटं दुखणं म्हणू नये. काळजीने, दुःखाने, आम्लपित्ताने ते होतं. मात्र खरोखर घास अडकायला लागला, तर ते या सदरात बसत नाही.

नाकातून येणारा आवाज आणि जड जीभ

हे दोन शब्द बाजूला काढलेत, कारण यात दिवस मोजत बसायचं नसतं.

आपल्या भागात पावसाळ्यात लोक जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, चावते तेव्हा बरेचदा फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. मग पापण्या जड होतात, डोळे उघडे राहत नाहीत, लाळ गिळवत नाही, आणि आवाज बदलतो: गेंगाणा, नाकातून आल्यासारखा, मग बारीक बारीक होत जातो. घरचे म्हणतात, "ह्याचा घसा बसला, बोलता येईना." हा घसा बसलेला नाही. विषाने स्नायू लुळे पडायला लागलेत, आणि ज्या स्नायूंनी आवाज निघतो त्यांच्यानंतर श्वासाच्या स्नायूंची पाळी येते. काही तासांत श्वास बंद पडू शकतो. चाव्याची खूण दिसो वा न दिसो, सकाळी अचानक पापण्या पडल्या आणि आवाज गेला, तर तो सर्पदंश समजूनच रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. वाटेत कापणं, चोखणं, दोरी आवळून बांधणं नको. पाणी किंवा औषध पाजू नका, ते श्वासात जाईल. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. भगताकडे जायचं असेल तर त्यांना निरोप द्या, पण रुग्णाची वाट आधी रुग्णालयाकडे जाऊ द्या.

खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं, हा मण्यारीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरा शब्द "जीभ जड झाली". यात आवाज असतो, पण शब्द अडखळतात, बोबडे येतात, नशा केल्यासारखे. सोबत तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात लुळा पडला तर तो पक्षाघात आहे. अडकलेली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे तिथेच. मोखाड्याहून निघायचं तर घाटाचा रस्ता धरून हे तास मोजा. "झोपून उठला की बरं वाटेल" म्हणायला सवड नाही.

वाट किती दिवस पाहायची?

साध्या बसलेल्या आवाजाला दोन आठवडे द्या. तीन आठवडे झाले आणि आवाज पूर्ववत झाला नाही, तर कुणीतरी स्वरतंतू प्रत्यक्ष पाहायला हवेत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनेत ही मर्यादा चार आठवडे आहे. मी तीन सांगतो, कारण आपल्याकडे तपासणीची तारीख मिळून नाशिकला पोचेपर्यंत चौथा उलटलेला असतो.

काही बाबतींत तीन आठवडेही थांबू नका. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, घास किंवा पाणी अडकत असेल, मानेत गाठ हाताला लागत असेल, न सांगता वजन उतरत असेल, किंवा घोगऱ्या आवाजासोबत एकाच बाजूचा कान दुखत असेल आणि कानात काहीच सापडत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू बरोबर घेणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाने स्वतःला कायम याच गटात धरावं.

या गटाबद्दल थोडं सविस्तर बोलतो. स्वरतंतूच्या कर्करोगाची एक बाजू चांगली आहे. बाकीचे अनेक कर्करोग आत लपून वाढतात, हा मात्र मोहरीएवढा असतानाच आवाज बिघडवतो. म्हणजे स्वतःच ओरडून सांगतो. त्या वेळी पकडला तर फक्त किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बहुतेक लोक बरे होतात, आवाजही राहतो. तोच सहा-आठ महिन्यांनी, धाप लागायला लागल्यावर आला, तर कधी सगळं स्वरयंत्र काढावं लागतं आणि गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. मधल्या महिन्यांत काय झालेलं असतं? अँटिबायोटिकचे तीन कोर्स, "घसा मोकळा करायची सुई" दोन-तीन वेळा, आणि दर वेळी दोन दिवस बरं वाटणं. ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. सूज तात्पुरती उतरते, गाठ तिथेच राहते. माझ्याकडेही लोक ती सुई मागतात. मी देत नाही.

दुसरा आजार क्षय, म्हणजे टीबी. फुप्फुसातल्या टीबीचे जंतू खोकल्याबरोबर वर येऊन स्वरयंत्राला धरतात. मग आवाज घोगरा होतो आणि गिळताना, बोलताना दुखतं. जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या लक्षणांमध्ये स्वरभेद, म्हणजे आवाज बिघडणं, मोजलेलं आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, यांच्यासोबत आवाज गेला असेल तर आधी थुंकी तपासा. तपासणी आणि साधारण सहा महिन्यांचं औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, आणि पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. स्वरयंत्राचा टीबी सहज पसरतो, म्हणून घरातल्या लहान मुलांचीही तपासणी करून घ्या. औषध सुरू झालं आणि मधेच वीटभट्टीवर जायची वेळ आली, तर गुपचूप निघून जाऊ नका. भिवंडी असो वा वसई, तिथल्या केंद्रात औषध पुढे सुरू ठेवता येतं. जाण्याआधी इथे सांगितलं की नाव तिकडे पाठवता येतं.

आवाजावर पोट असणारे

आश्रमशाळेतले सर आणि बाई हे माझे नेहमीचे रुग्ण. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि आमच्याकडचा पाऊसही. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पन्नास मुलांना ऐकू जाईल असं शिकवायचं, म्हणजे तासभर ओरडणंच. आजूबाजूला गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो, ते थांबवणं आपल्या हातात नसतं. त्यामुळे "हळू बोला" हा सल्ला इथे बिनकामाचा आहे. त्यापेक्षा कमरेला लावायचा छोटा लाऊडस्पीकर घ्या. पत्रा जोरात वाजत असेल तेवढा वेळ लिहिण्याचं काम द्या. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता घोट घ्या. फळा ओल्या फडक्याने पुसा.

वारली लग्नांत रात्र-रात्र गाणाऱ्या धवलेऱ्या, बोहाड्याला जागरण करणारी मंडळी, बाजारात ओरडून विकणारे, भट्टीवरच्या धुरळ्यात काम करणारे, चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाया, यांचंही तेच. गाणं सोडा असं मी म्हणणार नाही. पण सर्दीने सुजलेल्या स्वरतंतूंवर रात्रभर गायलात, तर आठवड्याचं दुखणं दोन महिन्यांवर जातं. त्या लग्नात दुसरीला पुढे बसवा.

आवाज बसला की लोक कुजबुजायला लागतात. जोर लावून केलेल्या कुजबुजीतही स्वरयंत्राला ताण पडतो. दोन-तीन दिवस शक्य तितकं गप्प राहा, आणि बोलायचंच तर हळू, साध्या आवाजात, समोरच्याच्या जवळ जाऊन बोला. सारखं खाकरणं टाळा. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. वाफ घ्यायला हरकत नाही, मात्र उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. विडी निदान तेवढे दिवस तरी बंद, आणि एकदा बंद झालीच आहे तर पुढेही राहू द्या. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंप मारल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे पंपामुळे आवाज बसण्याचा त्रास कमी होतो. पंप मात्र सोडू नये.

लहान मुलांबद्दल

मूल सांगू शकत नाही, म्हणून त्याचं रडणं ऐका. रडण्याचा आवाज बसका आहे, खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आहे आणि श्वास आत घेताना आवाज होतोय, तर रात्री किती वाजलेत ते न पाहता दाखवा. शेंगदाणा, चिंचोका, मणी असं काही खेळता-खेळता जोराचा ठसका लागला आणि तेव्हापासून आवाज बदलला, तर ती वस्तू श्वासाच्या वाटेत असू शकते. घशात बोट घालून काढायला जाऊ नका, ती खाली सरकते.

ताप, बसका किंवा नाकातला आवाज, सुजलेली मान आणि घशात राखाडी पडदा हे घटसर्पाचं रूप आहे. तो आजार अजून संपलेला नाही. जिथे लसीचे डोस राहून जातात, तिथे तो परत येतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, पुढे १० आणि १६ व्या वर्षी. स्थलांतरात डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात घेता येतो.

डॉक्टरांना सांगताना

वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, कोळी अशा अनेक बोली आपल्याकडे आहेत, आणि डॉक्टर अनेकदा बाहेरगावचे. पुस्तकी मराठी शब्द सापडला नाही तर अडून राहू नका. आपल्या बोलीत जो शब्द आहे तोच सांगा आणि तो समजावणारं घरचं माणूस सोबत आणा. आवाजाच्या बाबतीत घरच्यांची साक्ष मोलाची असते, कारण स्वतःचा आवाज हळूहळू बदलला तर आपल्याला तो कळतच नाही. पोर म्हणतं, "आजा आता वेगळाच बोलतो," ते खरं धरा.

मोबाइल इथे कामाचा आहे. सहा महिन्यांपूर्वी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला तुमचा आवाजी निरोप शोधा आणि डॉक्टरांना ऐकवा. मग आजचा आवाज. दोन्ही एकामागोमाग ऐकले की सांगायला काही उरत नाही. आवाज सकाळी बरा आणि रात्री वाईट असेल, तर दोन्ही वेळी एक ते वीस आकडे मोजून रेकॉर्ड करा. घरी आणखी एक करून बघता येतं: खोल श्वास घेऊन "आ" जितका वेळ ताणता येईल तितका ताणा. धडधाकट मोठ्या माणसाला १५ सेकंद किंवा जास्त जमतं. दहाच्या आत तुटत असेल, तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. यावरून निदान होत नाही, पण पुढे सुधारतंय की नाही, हे कळायला उपयोग होतो.

तारीख सांगताना "बरेच दिवस" म्हणू नका. भात लावणीच्या आधी की नंतर, होळीच्या आधी की नंतर, असं सांगितलंत तरी चालेल. अचानक झालं की हळूहळू, मधे एखाद्या दिवशी आवाज पूर्ण साफ होतो का, हेही सांगा. मधूनमधून पूर्ण साफ होणारा आवाज थोडा निर्धास्त करतो. एकदा बिघडून रोज तसाच राहणारा किंवा वाढत जाणारा तसा करत नाही.

तज्ज्ञाकडे पाठवलं तर घाबरू नका. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून बारीक लवचीक दुर्बीण किंवा तोंडातून आरसा-दुर्बीण घालून स्वरतंतू बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल फक्त फवाऱ्याची, कापाकापी नाही. गाठ दिसली तर तिचा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही समजूत गावोगाव आहे, आणि तिच्यापायी लोक परत येऊन महिने घालवतात. तसं होत नाही. उपचाराचा खर्च मनात असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर आहे. जाण्याआधी तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे फोनवर विचारा, जुने कागद आणि चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत घ्या, आणि मोबाइलमधला तो जुना आवाज पुसून टाकू नका.